पाचबोट्यांची साक्ष

१

थोरल्या बाई टाकीत पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरून पाचबोटे चालत होते.

समुद्र संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर ही सिमेंटची टाकी होती, छातीभर उंचीची. खारं पाणी आत सोडणारा पंप अजून घरघरत होता, त्यामुळे लाल झालेलं पाणी गोल गोल फिरत होतं. कवटीवर मागून घाव घातले होते. पहिला रागाच्या भरात घातलेला असावा, पुढचे घाबरून. हवालदाराने एकदा वाकून पाहिलं, मग तो बाहेर गेला आणि सकाळचा चहा त्याने भिंतीच्या स्वाधीन केला.

बंदर चौकीची इन्स्पेक्टर मात्र काठावर वाकलेलीच राहिली. गावात तिला मागून करवत म्हणत. आवाज कर्कश होता म्हणून नव्हे. एकच प्रश्न ती समोरच्याचे दोन तुकडे होईपर्यंत पुढे-मागे ओढत राही म्हणून. तोंडावर सगळे मॅडम म्हणत, कारण जीव प्रत्येकाला प्यारा असतो.

तिने हातमोजा चढवला आणि जखमेवर बसलेला एक पाचबोट्या ओढून काढला. तो सहजासहजी सुटेना.

पाचबोट्या म्हणजे तारामासा, पसरलेल्या पंजाएवढा, मळकट पिवळा. तो कालवाला मिठी मारतो, शिंपला किंचित उघडेपर्यंत दम न सोडता ओढत राहतो आणि फट पडली की स्वतःचं पोट बाहेर काढून आत सारतो. कालव आपल्याच घरात जिरून जातं. काही वर्षांपूर्वी हा प्राणी या खाडीत औषधालाही नव्हता. आता कालवांच्या प्रत्येक तराफ्याखाली त्याचे थर होते, आणि कालवांवर जगणारी सगळी वस्ती देशोधडीला लागायच्या बेतात होती.

हा आगंतुक आला कुठून, हे केंद्रातल्या शास्त्रज्ञ थोरल्या बाई त्याच्या जनुकांवरून शोधत होत्या. आज दुपारी कालववाल्यांच्या सभेत त्या उत्तर सांगणार होत्या. वस्तीचं उत्तर आधीच ठरलेलं होतं: बंदराबाहेर नांगर टाकून उभं असलेलं ते परदेशी जहाज. तोल सांभाळायला जहाजं पोटात पाणी भरून आणतात आणि इथे ओततात. त्याच पाण्यातून ही पीडा आली, असं सगळे म्हणत.

"हत्यार?" करवतीने विचारलं.

हवालदार तोंड पुसत दारात आला होता. "इथे नाही, मॅडम. खाली धक्क्यावर सापडलंय म्हणे. खुनीही सापडलाय. लोक त्याला मारतायत."

"मग इथे काय करतोस? चल."

तो हलला नाही. "मॅडम," तो म्हणाला, "तुमचा भाऊ आहे."

२

धक्क्यावर दोर बांधायचे लोखंडी खुंट असतात. त्यातल्या एकावर तिच्या धाकट्या भावाचे दोन्ही हात आवळून धरले होते आणि एक कालववाला शिंपले फोडायच्या हातोड्याने ते ठेचत होता. भाऊ आता ओरडतही नव्हता. प्रत्येक घावाला त्याचं सगळं अंग उडत होतं, एवढंच.

करवतीने आधी हवेत गोळी झाडली आणि मग हातोडेवाल्याच्या मनगटावर दंडुका घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला आणि खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

"माझ्या माणसाला हात लावलात तर पुढची हवेत नाही," ती म्हणाली.

"माणूस तुझा, खून बाईचा," कुणीतरी ओरडलं. "बघ त्याच्या होडीत काय आहे ते."

होडीत ओलं पोतं होतं. पोत्यात जिवंत पाचबोटे आणि त्यांच्या खाली रक्ताने माखलेला कोयता. भाऊ पाणबुड्या होता. जहाजांच्या बुडाला चिकटलेली घाण खरवडायचं काम करी, त्या परदेशी जहाजाचंही. वस्तीने दोन अधिक दोन केव्हाच करून टाकले होते: पाचबोटे जहाजाच्या बुडाला सापडले, जहाजवाल्यांनी ते दडवायला सांगितलं, बाईंना कळलं, याने बाईंना संपवलं.

"माझं नाही ते पोतं, ताई," भाऊ कसाबसा म्हणाला. त्याची बोटं उलट्या दिशेला वळली होती. "मी आत्ता आलो होडीवर. आईशप्पथ."

तिने त्याला काखेत हात घालून उचललं. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि मामा पुढे आला. थोराड अंगाचा, पांढऱ्या दाढीचा, कालववाल्यांच्या संघटनेचा प्रमुख. बाप समुद्रात बुडाला तेव्हा या दोघा भावंडांना त्यानेच वाढवलं होतं. आणि गावाला तर तो देवाच्या जागी होता. रोग पडून खाडीतली सगळी कालवं मेली, त्या वर्षी एकट्या मामाची तगली. त्याने त्या कालवांचं बी, म्हणजे नखाएवढी पिल्लं, घरोघर वाटली, हात न राखता. आज खाडीत जे काही जगत होतं ते मामाच्या बियाचं.

"मी धावत आलो गं, पण तोवर झालं होतं," मामा म्हणाला. "चौकीत ने त्याला. मी यांना थोपवतो. पण अंधार पडेपर्यंतच. नंतर ते माझंही ऐकायचे नाहीत."

चौकीत माणसं मोजकी. दवाखान्याचा रस्ता कालववाल्यांनी होड्या आडव्या टाकून बंद केला होता. जिल्ह्याहून कुमक उद्या येणार होती. म्हणजे खरा खुनी अंधारापूर्वी सापडला नाही, तर भावाला जाळणार, आणि ते कुठल्या रॉकेलने हेही धक्क्यावर मोठ्याने ठरत होतं.

"पोतं माझ्याकडे द्या," करवत म्हणाली. "आणि आतला एकही प्राणी मरता कामा नये."

३

केंद्राचे संचालक आपल्या खोलीत पडदे ओढून बसले होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर ओलसर डाग होता आणि फरशीवर काचा.

"काल भांडण झालं म्हणे," करवत म्हणाली.

"मतभेद."

"बरणी फेकलीत."

"भिंतीवर फेकली. नेम चुकला असं समजू नका, नेम धरलाच नव्हता." त्यांनी घाम पुसला. "मी वर्तमानपत्रांना आधीच सांगितलं होतं की दोष जहाजाचा. आणि ही बाई काल येते आणि म्हणते, जहाजाचा संबंध नाही. माझ्या तोंडाला काळं फासायला निघाली होती ती."

"म्हणून मारलंत?"

"मॅडम, मला माशाचा काटा काढायचा म्हटलं तरी शहारे येतात."

परदेशी जहाजाच्या कप्तानाला तिने जहाजावर जाऊन गाठलं. त्याच्या उजव्या मुठीची सालं निघाली होती. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर त्याने एका कालववाल्याचा जबडा मोडला होता. बदल्यात लोकांनी त्याच्या होडीचं बूड फोडलं होतं; त्या फुटक्या होडीने तो कसाबसा जहाजापर्यंत पोचला होता.

"मी किनाऱ्यावर येणार कसा? पोहत?" तो म्हणाला. "तुमच्या माणसांनी माझ्या दोन खलाशांना दगडांनी फोडलंय. एकाचा डोळा गेला. आणि ती बाई एकटी माझ्या बाजूने बोलणार होती. तिला मी मारीन? माझी म्हातारी आई असती, तर तिला मारलं असतं एक वेळ."

बोलण्याची तऱ्हा घाणेरडी होती, पण मुद्दा बिनतोड.

राहिल्या धाकट्या बाई. थोरल्या बाईंसोबत त्या प्रयोगशाळेत काम करत. डोळे सुजले होते, पण हात थांबले नव्हते. रडत रडत त्या बाटल्या लावत होत्या.

"जहाजाचा संबंध नाही म्हणजे काय?" करवतीने विचारलं. "मला अडाण्याला सांगतात तसं सांगा."

"जनुकं आडनावांसारखी समजा," धाकट्या बाई म्हणाल्या. "प्रत्येक समुद्रातल्या पाचबोट्यांची आडनावं वेगळी. आम्ही ठिकठिकाणचे नमुने मागवले. जहाज जिथून येतं, त्या उत्तरेच्या समुद्रातली आडनावं आपल्याकडे एकही नाहीत. आपले सगळे दक्षिणेच्या एका उथळ खाडीतले निघाले. तेही मोजक्या घरांतले. तिथे शंभर आडनावं, इथे चार-दोन. म्हणजे थोडेच आले आणि त्यांचाच हा पसारा झाला."

"त्या खाडीतून इथे कोण येतं?"

"कुणीच नाही. तिथे जहाज लागण्याइतकं पाणीच नाही." धाकट्या बाईंनी नाक पुसलं. "बाईंना कळलं होतं कसे आले ते. मला म्हणाल्या, सभेत सांगण्याआधी एका माणसाला एकट्याला सांगायला हवं. त्याने चारचौघांत ऐकू नये. सकाळी लवकर बोलावलंय त्याला, म्हणाल्या."

"कोणाला?"

"नाव नाही सांगितलं. एवढंच म्हणाल्या, भला माणूस आहे, त्याला वाईट वाटेल."

करवत पोत्याकडे वळली. तिने एक पाचबोट्या काढून ट्रेमध्ये ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्याची दोन बोटं जाडजूड होती आणि तीन करंगळीएवढी, नवी, फिकट. चौथाही तसाच.

"हे असे का?" तिने विचारलं.

धाकट्या बाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "मॅडम," त्या म्हणाल्या, "हे जहाजाखालचे असूच शकत नाहीत."

४

चूक साधी होती आणि ती फक्त कालववालेच करू शकत होते. पाचबोट्या हाती लागला की ते त्याच्यावर दात-ओठ खात कोयता घालत, दोन तुकडे करत आणि तुकडे पाण्यात भिरकावून देत. गेल्या काही वर्षांचा तो शिरस्ता होता; घरातल्या बायका-म्हाताऱ्यांचाही जीव त्याने थंडावायचा. आणि पाचबोट्या मधोमध कापला तर मरत नाही. अर्धं अंग पुन्हा बोटं फोडतं. एकाचे दोन होतात.

"म्हणजे यांनीच वाढवले," करवत म्हणाली.

"यांनीच. बाईंना ते अलीकडे कळलं. आणि दोन्ही अर्ध्यांची जनुकं तंतोतंत एक असतात, आडनावच नाही, सगळंच. हे प्राणी फार लांब जात नाहीत, जिथे पडले तिथेच कालवं खात बसतात. त्यामुळे प्रत्येक तराफ्याखाली तिथलेच जुळे सापडतात. बाईंनी सगळ्या तराफ्यांखालचे तपासलेत."

करवतीने पोतं उलटंपालटं करून पाहिलं. पोती सगळी सारखी, कोयते सगळे सारखे. पण पोत्यातले प्राणी सारखे नव्हते.

"इथल्या टाकीतले पाचबोटे कुठून येतात?"

"कालववालेच आणून देतात, अभ्यासाला. आल्या आल्या आम्ही टाकीत ओततो. सगळ्यांचे एकत्रच असतात."

"मग ऐका. हे पोतं कुणी टाकीतून भरलं असेल, तर त्यात सगळ्या तराफ्यांची खिचडी निघेल; तसं असेल तर तो तुमच्या इमारतीतला कुणीही असेल, तुम्हीसुद्धा. आणि सगळे एकाच तराफ्याचे निघाले, तर पोतं टाकीत रिकामं झालंच नाही. आणणाऱ्याने ते आणलं, बाईंना मारलं आणि कोयता त्याच्यातच खुपसून बाहेर नेलं. किती वेळ लागेल?"

"पूर्ण दिवस तरी."

"दिवस नाहीये माझ्याकडे."

धाकट्या बाईंनी ट्रे जवळ ओढला. "आज मीही नाही जेवायची," त्या म्हणाल्या. मग कात्री हातात घेता घेता थांबल्या. "एक सांगायचं राहिलं. हल्ली बाई कालवांचीही जनुकं काढत होत्या. का ते कळलं नाही. रोगासाठी असेल, असं मला वाटलं."

करवतीने हातमोजा काढला. जहाजाशिवाय दुसऱ्या खाडीतून काय येऊ शकतं? ओल्या पोत्यांतून, शिंपल्यांच्या खाचांत दडून, नखाएवढे पाचबोटे कशाबरोबर येऊ शकतात? मन म्हणत होतं, नको. पाय मात्र धक्क्याकडे निघाले होते.

मामा आपल्या तराफ्यावर बसून पिंजरे वर ओढत होता. तिला पाहून त्याने सवयीने एक कालव फोडून पुढे केलं. लहानपणी रडायला लागली की तो असंच करी.

"खा. सकाळपासून उपाशी असशील."

तिने शिंपला घेतला, पण तोंडाला लावला नाही. "मामा, तुझ्या तराफ्याखाली किती आहेत पाचबोटे?"

"एक नाही उरला. सगळे कापून टाकले मागेच."

"केंद्रात पोतं कधी नेऊन दिलंस शेवटचं?"

"लई दिवस झाले गं. नाहीतच, तर देऊ काय?" तो तिच्याकडे न बघता दोर गुंडाळत होता. "का विचारतेस?"

"सगळ्यांना विचारतेय."

सगळ्यांना विचारत नव्हती ती. तो एकटाच होता.

"आणि मामा, रोगाच्या वर्षी तुझीच कालवं कशी रे वाचली?"

दोर त्याच्या हातातून सुटला आणि पिंजरा धाडकन पाण्यात गेला.

"नशीब," मामा म्हणाला.

कालव रुमालात गुंडाळून तिने धाकट्या बाईंकडे तपासायला पोचवलं. ती केंद्रातून बाहेर पडली, तेव्हा चौकीच्या बाजूने धूर वर चढत होता.

५

चौकीसमोर जीप पेटली होती. हवालदाराचं कपाळ दगडाने फुटलं होतं, तरी तो दारात दंडुका धरून उभा होता, आणि सकाळी ओकलेला माणूस तो हाच, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. आतल्या कोठडीत भाऊ भिंतीला टेकला होता. हातांवर बांधलेली फडकी रक्ताने जड झाली होती.

"ताई, पुन्हा पाण्यात जाता येईल ना मला?" त्याने विचारलं.

ती खोटं बोलली.

ऊन उतरलं तशी गर्दी वाढली. खिडकीची काच फुटली, मागोमाग दुसरी. मागच्या दाराने धाकट्या बाई आल्या, धापा टाकत. वाटेत कुणीतरी त्यांचे केस धरून ओढले होते, एक कान रक्ताळला होता. त्यांनी करवतीला कोपऱ्यात नेलं आणि हळू आवाजात बोलत राहिल्या. करवतीने एकदाच विचारलं, "चूक असू शकते?" धाकट्या बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"हवालदार," करवत म्हणाली, "मामाला आत घे. म्हणावं, लोकांशी बोलायचंय, मदत हवीय."

मामा आला. गर्दीने त्याला वाट करून दिली, दगडही थांबले. आत येताच त्याने कोठडीकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"बस," करवत म्हणाली. "पोत्यातले पाचबोटे तुझ्या तराफ्याचे आहेत. सगळेच्या सगळे. प्रत्येकाचा दुसरा अर्धा तुझ्या पिंजऱ्यांखाली बसलाय."

"मग कुणीतरी चोरून नेले असतील माझ्याकडून."

"दुपारी म्हणालास एकही उरला नाही. नव्हतेच, तर चोरले कुठून?"

मामा दाढी चोळू लागला.

"जो माणूस आपल्या तराफ्यावर पाचबोटे असल्याचं लपवतो, तो कशाला लपवतो? चोरीवर दुसऱ्या कुणाचा विश्वास बसेल, माझा कसा बसेल? आणि तू दिलेलं कालव मी खाल्लं नाही, मामा. ते या खाडीचं नाही. दक्षिणेच्या खाडीचं आहे, पाचबोटे आले तिथलंच. रोगाच्या वर्षी तुझी कालवं वाचली नव्हती. तुझीही मेली. तू बाहेरून बी आणलंस, आणायला बंदी असताना, आणि आपल्याच खाडीचं म्हणून वाटलंस. बियाबरोबर हे आले."

बाहेर कुणीतरी घोषणा दिली. मामाच्याच नावाची होती ती.

"वस्ती उपाशी मरत होती," मामा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी केलं. बाहेरचं बी म्हटलं असतं, तर सरकारने उपटून फेकायला लावलं असतं. म्हणून आपलं म्हटलं."

"ते मी समजू शकते. पुढचं सांग."

"तिने मला सकाळी बोलावलं. मी पोतं घेऊन गेलो. कोयता पोत्यातच असतो, माहितीय तुला. ती फार चांगुलपणाने बोलली. म्हणाली, मी तुमचं नाव घेणार नाही, बी बाहेरून आलं एवढंच सांगेन. अगं, नाव कशाला घ्यायला हवं? बी कुणी वाटलं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी हात जोडले तिच्यापुढे. ती म्हणाली, खरं ते खरं. आणि पाठ फिरवून तिने पंप चालू केला." त्याने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "एकदा मारल्यावर थांबता आलं नाही."

"आणि पोतं?"

"केंद्रातल्या शिपायाची चाहूल लागली. पळालो. धक्क्याला होडी दिसली, तिच्यात टाकलं. वाटलं, जहाजावर जाईल सगळा आळ."

"होडी तूच घेऊन दिलीस त्याला. तिला रंगही तू दिलास. आणि ती कुणाची हे तुला ओळखू आलं नाही?"

मामाने कोठडीकडे पाठ केली. कोठडीतून भाऊ हे सगळं ऐकत होता.

पुढच्या दारावर काहीतरी जड आदळलं. बिजागरी निखळली.

"मी सांगितलं तर ते म्हणतील, बहीण भावाला सोडवतेय," करवत म्हणाली. "तू सांगशील तरच तो जगेल. तुझ्या हातात आहे, मामा. आणि तुला किती वेळ आहे ते ऐकू येतंय तुला."

दार दुसऱ्यांदा हाललं. मामा उठला.

६

तो पायरीवर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. बी, बाई, कोयता, काही गाळलं नाही.

मग मागून एक बाई कळवळून म्हणाली, "बघा, भाच्यासाठी स्वतःच्या गळ्यात फास अडकवतोय म्हातारा." आणि गर्दीतून हुंदका फुटावा तसा आवाज आला. कुणीतरी मामाच्या पाया पडलं. चार जण त्याला अलगद बाजूला सारून दाराकडे निघाले, हातात रॉकेलचे डबे घेऊन.

मामा चाट पडला. खरं बोलून ते कुणी मानू नये, अशी वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. करवतीने पिस्तूल काढलं. पण एवढ्या माणसांपुढे त्या गोळ्या म्हणजे काहीच नव्हे, हे तिलाही कळत होतं.

"अरे, तुमच्या हातातला कोयता बघा," मामा ओरडला. "मी शिकवलं तुम्हाला, कापा आणि टाका. ते मरत नाहीत. कापलेल्या प्रत्येकाचे दोन होतात. खाडीत जे भरलेत ते तुम्ही भरलेत, तुमच्या बायकांनी, तुमच्या म्हाताऱ्यांनी, रोजच्या रोज. मला थोरल्या बाईने आज सांगितलं ते. आणि ते तुम्हाला सांगायच्या आत मी तिला फोडलं."

डबेवाले थांबले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. बोटं कापलेले, पुन्हा बोटं फुटलेले पाचबोटे त्यांतल्या प्रत्येकाने पाहिले होते. दोन मोठी आणि तीन बारकी, वर्षानुवर्षं. पाहिले होते आणि पुन्हा कापले होते.

यावर मात्र त्यांचा विश्वास बसला.

पहिला दगड कुणी मारला हे करवतीला दिसलं नाही. तो मामाच्या तोंडावर बसला आणि दात तुटून दाढीत पडले. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले, ज्यांनी त्याच्या पायांना हात लावले होते तेही. सकाळच्या त्याच हातोडेवाल्याने मोडक्या मनगटाचा हात छातीशी धरून डाव्या हाताने हातोडा उचलला. करवत गर्दीत घुसली. तिने एकाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, एकाच्या मांडीत गोळी घातली, तिची स्वतःची भुवई फुटून एका डोळ्याने दिसेनासं झालं. हवालदार मागून आला. दोघांनी मिळून मामाला कॉलर धरून फरपटत मागच्या अंगणात नेलं. तिथे पोलिसांची जुनी व्हॅन उभी होती आणि धाकट्या बाईंनी भावाला आत बसवून ठेवलं होतं. गर्दी पुढच्या बाजूला जमल्यामुळे मागचा रस्ता तेवढा मोकळा होता. होड्यांच्या अडसराजवळचे लोकही इकडेच धावले होते.

मामाला तिने भावासमोरच्या बाकावर टाकलं. त्याचं एक गालफड आत गेलं होतं, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ज्या माणसाने तिला वाढवलं त्याच्या हातात तिने बेडी घातली. तिला रडू येत होतं आणि डोळ्यात रक्त असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

भावाने मामाकडे पाहिलं. आपले फडक्यांत गुंडाळलेले हात त्याने मांडीवर, जणू दुसऱ्याचे असावेत तसे, ठेवले होते.

"मामा," तो म्हणाला, "माझे हात मोडत होते, तेव्हा तू कुठे होतास?"

मामाने रक्त गिळलं. आता खोटं बोलायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

"समोरच उभा होतो," तो म्हणाला.

भावाने मान हलवली. मग तो बहिणीकडे वळला.

"ताई, मला पुढे बसव."

तिने त्याला काखेत धरून खाली उतरवलं आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं.